एक लिटर

भादव्यातली रात्र. लाईन गेलेली.
मोबाईलच्या उजेडात मी पाकीट वाचतेय:
'संपूर्ण पाकीट एक लिटर
पिण्याच्या पाण्यात विरघळवा.'
'विरघळवा'पाशी जीभ अडखळली,
तरी पुढे गेले.

मांडीवर देवांशू, चौदा महिन्यांचा.
सकाळपासून ही नववी वेळ.
डोळे आत गेलेले,
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली
तर ती सावकाश, आळसावल्यासारखी, परत जाते.
अंगणवाडीतल्या ताईनं हे दाखवलं होतं
तेव्हा मी हसले होते.

सासूबाई खाटेवरून म्हणतात,
"पाणी नको पाजू वो.
जितकं पाजशीन, तितकं वाहून जाईन.
दात येऊन राह्यले त्याचे."

पण लिटर म्हणजे किती?
घरात गुंड आहे, गंज आहे,
कान तुटलेला गडवा आहे.
लिटर कुठेच नाही.

मोहोड सरांनी पाचवीत
टिनाचं माप आणलं होतं, बादलीत बुडवून
एकेकाच्या हातात दिलं होतं:
"जड किती लागते ते ध्यानात ठेवा, पोट्टेहो."
त्या दिवशी मी वर्गात होते.
सातवीनंतर नव्हते.
शाळेतल्या संडासाला आतून कडी नव्हती,
एवढंच कारण.
घरी कोणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

फळीवर कोणाच्या तरी लग्नातली पाण्याची बाटली,
तिच्यात जवस भरलेलं.
कागद अर्धा फाटलेला, पण '१ लि.' शाबूत.
जवस पेपरावर ओतलं.
बाटली धुतली, हात धुतले,
नखांतलं सारवणाचं शेण काडीनं काढलं.
बाटलीनं मोजून पाणी उकळलं, परातीत थंड केलं,
झाकून ठेवलं.

मग चमचा.
ओकला. थांबले.
पुन्हा चमचा.
दूर कुठे अडाण नदीचा आवाज,
जवळ फक्त चमच्याचा.

पहाटे माझी साडी ओली झाली, कोमट.
देवांशू मुतला होता.
लग्न लागलं तेव्हासुद्धा
मी इतकी खूश नव्हते, खरं सांगते.

सासूबाई कधी उठून बसल्या, कळलं नाही.
बाटलीकडे बघत होत्या.
"हे असं पाणी
माह्या गुंफीले पाजलं असतं तं?"

मी पाकीट उलटून पाहिलं.
मागे तारीख होती, कंपनीचा पत्ता होता.
म्हटलं, "तेव्हा हे पाकीटच नव्हतं, आई, आपल्या गावात."

"मीठ होतं," त्या म्हणाल्या.
"साखर नसन. गूळ होता.
पाणी तं होतं ना वो.
मांगत होती ते. मीच गडवा उचलून ठेवला, वरतं."

यावर वाचायला
कुठेच काही नव्हतं.

उजाडलं तेव्हा त्या अंगणात.
संडासाचं दार उघडं.
ह्यांचा फोटो काढण्यापुरतं उघडलं होतं ते,
नंतर आत तुराट्याच तुराट्या.
एकेक मोळी ओढत होत्या,
हातावर ओरखडे, पदरात काड्या.
मधेच कोंबडीची सात अंडी सापडली,
ती सुपात नीट ठेवली.

"आई, बाहेर भिजतीन ना तुराट्या," हे ओरडले.
"भिजू दे."
"चूल कायनं पेटवशीन?"
उत्तर नाही. पुढची मोळी.

मग हापशीवरून बादली आणून
त्यांनी भांड्यात ओतली.
पाणी गुडगुडत खाली गेलं.
दोघी वाकून ऐकत राहिलो,
जणू आत कोणी बोलतंय.

घरात आल्या. देवांशूच्या पायाला
हात लावणार, तोच थबकल्या;
मोरीवर जाऊन साबण शोधू लागल्या.
तिथूनच म्हणाल्या,
"ते बाटली आता रिकामीच राहू दे.
जवस कायच्यात ठेवू, तेवढं सांग."